कासवाच्या खाण्याचा हिशोब आठवड्याचा धरा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रेड-इअर्ड स्लायडर (पुढे नुसतं 'स्लायडर') या पाण्यात राहणाऱ्या जातीचं कासव, वय चार वर्षं, कवचाची लांबी साधारण 14 सेंटिमीटर. डबीतल्या वाळवलेल्या कोळंबीवर ते तुटून पडतं, पेलेट्स (तयार खाद्याच्या गोळ्या) अर्धे खातं अर्धे सोडतं, अधूनमधून त्याला उकडलेल्या चिकनचे तुकडे मिळतात. पानांकडे ढुंकूनही बघत नाही. टाकी खिडकीपाशी आहे, वेगळा दिवा नाही. कवचाची मागची कड हाताला जरा मऊ लागते. आणि मागणी अशी की "विविध आणि समतोल आहाराचा तक्ता द्या."

तक्ता देतो, पण तो बराच खाली येईल. कारण या वर्णनात मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट खाण्याची नाहीच. "वेगळा दिवा नाही" ही आहे.

कॅल्शिअम नुसतं पोटात गेलं म्हणून कवचापर्यंत पोचत नाही. आतड्यातून ते रक्तात उतरायला व्हिटॅमिन डी3 लागतं, आणि ऊन खाणारी कासवं ते मुख्यतः आपल्या कातडीत तयार करतात, उन्हातल्या यूव्हीबी (अतिनील) किरणांच्या जोरावर. खिडकीची साधी काच ही किरणं जवळजवळ पूर्णपणे अडवते. काचेतून आलेलं ऊन आपल्याला झगझगीत दिसतं, कासवही त्यात मान ताणून, मागचे पाय पसरून निवांत पडतं, त्याला ऊबही मिळते. डी3 मात्र तयार होत नाही. अशा कासवाला जगातला सर्वोत्तम आहार दिला तरी कवच मऊच राहणार. म्हणून पहिला खर्च यूव्हीबी दिव्यावर करा, खाद्याच्या नव्या डबीवर नाही. दिवा रोज 10 ते 12 तास चालू हवा, कासवाची पाठ आणि दिवा यांच्यात काच किंवा प्लास्टिक नको, आणि अंतर किती ठेवायचं ते दिव्याच्या खोक्यावर लिहिलेलं असतं, तेच पाळा. एक गोष्ट बहुतेकांना कुणी सांगत नाही: हे दिवे डोळ्यांना वर्षानुवर्षं लख्ख दिसत राहतात, पण त्यांची यूव्हीबी आधीच ओसरलेली असते. प्रकारानुसार 6 ते 12 महिन्यांनी दिवा बदलावा लागतो. बसवलेली तारीख दिव्याच्या होल्डरवर मार्करने लिहून ठेवा. थेट उन्हात अर्धा-पाऊण तास नेता आलं तर उत्तमच, फक्त काचेची टाकी उन्हात ठेवू नका. पाणी बघता बघता तापतं आणि कासवाला पळायला जागा नसते. पसरट टब, अर्ध्यावर सावली, आणि तुमची नजर.

दुसरी गोष्ट तापमान. कासवाच्या शरीराला स्वतःची ऊब नसते; पचन किती वेगाने चालणार हे पाणी आणि बसायची जागा किती गरम आहे यावर ठरतं. मोठ्या स्लायडरला पाणी 24 ते 26 अंश सेल्सिअस आणि ऊन खायची जागा 30 ते 33 अंश लागते. पिल्लांचं पाणी आणखी एक-दोन अंश गरम चालतं. कातडीत डी3 तयार होण्याचा शेवटचा टप्पाही उबेवरच अवलंबून असतो, म्हणून यूव्हीबी एका कोपऱ्यात आणि उबेचा दिवा दुसऱ्या कोपऱ्यात असं करू नका. दोन्ही एकाच दगडावर पडले पाहिजेत. "खात नाही हो" म्हणून जी कासवं माझ्याकडे येतात, त्यांच्या मालकांना मी आधी पाण्याचं तापमान विचारतो. बऱ्याचदा घरात थर्मामीटरच नसतो.

हे झालं की मग खाणं.

स्लायडर लहानपणी शिकारी असतो आणि मोठेपणी बराचसा शाकाहारी होतो. पिल्लाला भराभर वाढायचं असतं, म्हणून ते किडे, अळ्या, गोगलगायी, माशांची पिल्लं यांच्या मागे असतं. कवच वाढत जातं तसा पाणवनस्पतींचा वाटा वाढतो, आणि पूर्ण वाढलेल्या कासवाच्या पोटात निम्म्याहून जास्त हिरवं सापडावं अशी त्याची घडण आहे. तुमचं 14 सेंटिमीटरचं कासव या वळणाच्या पुढे गेलेलं आहे. त्याला अजून पिल्लाचंच जेवण मिळतंय, एवढाच मूळ घोटाळा.

आता "विविध" आणि "समतोल" या दोन शब्दांकडे येऊ, कारण लोक ते एका दमात म्हणतात. आज चिकन, उद्या माशाचा काटे काढलेला तुकडा, परवा मीलवर्म अळ्या, तेरवा बीफ हार्ट: वैविध्य भरपूर आहे. पण या चौघांचा दोष एकच आहे. नुसत्या मांसात कॅल्शिअमच्या मानाने फॉस्फरस पंधरा-वीसपट असतो, मीलवर्ममध्येही दहापटीच्या आसपास किंवा वर. कासवाला हवं याच्या बरोबर उलट: कॅल्शिअम फॉस्फरसच्या दीडपट ते दुप्पट. फॉस्फरस वाढला की तो आतड्यातच कॅल्शिअमला धरून ठेवतो, रक्तातलं कॅल्शिअम घसरतं, पॅराथायरॉइड ग्रंथी जागी होते आणि हाडांमधून कॅल्शिअम उपसून रक्तात आणते. हृदय चालू राहावं, स्नायू हलावेत म्हणून शरीर कवच विकायला काढतं. एक्स-रेत हे फार स्पष्ट दिसतं. निरोगी कासवाच्या पायांची हाडं आणि कवचाची कड ठळक पांढरी उठते. या आजारात हाडांच्या रेषा पुसट होतात, कवचाची कड भोवतालच्या मांसाच्या राखाडी रंगात मिसळून जाते. मालकाला तोवर फक्त "कड जरा मऊ लागते" एवढंच जाणवलेलं असतं.

म्हणून चार चुकीचे पदार्थ फिरवून समतोल साधत नाही. वेगवेगळ्या गटांतले पदार्थ एकमेकांची उणीव भरून काढतात तेव्हा साधतो. आणि तो एका जेवणात साधायचाही नसतो. आठवडाभरात साधला तरी कासवाचं काही बिघडत नाही.

वाळवलेल्या कोळंबीबद्दल. गॅमरस (कोळंबीसारखा बारीक पाणजीव) म्हणा किंवा बारीक कोळंबी म्हणा, डबीवर कासवाचं चित्र असतं म्हणून ती "कासवाचं खाद्य" समजली जाते. तिच्या टरफलात थोडं कॅल्शिअम असतं, हे मान्य. पण एकट्या कोळंबीवर कासव नीट वाढत नाही; विशेषतः व्हिटॅमिन ए कमी पडतं. वास तीव्र, चव आवडती, त्यामुळे कासव तिच्यासाठी इतर सगळं नाकारतं, जसं लहान मूल वेफर्सची पिशवी दिसल्यावर ताटाकडे बघत नाही. माझं मत स्पष्ट आहे: कोळंबीची डबी घरात ठेवायचीच असेल तर औषधाच्या बाटलीसारखी वरच्या फळीवर ठेवा. आठवड्यातून एखाद-दुसरी, तीही आमिष म्हणून.

व्हिटॅमिन ए कमी पडलं की काय होतं ते एकदा पाहिलं की विसरत नाही. आधी पापण्यांच्या कडा किंचित फुगीर दिसतात, कासव पुढच्या पायाने डोळा चोळतं. मग पापण्या मिटायला लागतात आणि आत पांढरट, चिझसारखा थर साचतो. डोळ्यांभोवतीच्या ग्रंथींचं मऊ अस्तर जाड आणि शिंगासारखं कडक होत जातं, त्यांच्या नळ्या तुंबतात, म्हणून ही सूज. कासव अन्न बहुतांशी नजरेने शोधतं. डोळे मिटले की ते खाणं सोडतं आणि उणीव आणखी वाढते. काहींना डोळ्यामागे, कानाच्या पडद्यापाशी टणक गाठ येते. कासवाचा पू पातळ नसतो, घट्ट गोळा असतो, त्यामुळे ती गाठ पिळून निघत नाही, चिरा देऊन काढावी लागते. अशा वेळी दुकानातले डोळ्यांचे थेंब घालत बसण्यात आठवडे जातात. उलट टोकही धोक्याचं: घाईने व्हिटॅमिन एचं इंजेक्शन जास्त मात्रेत दिलं तर कातडी सोलून निघते. चांगल्या पेलेट्समध्ये हे व्हिटॅमिन असतंच. त्याशिवाय केशरी आणि गडद हिरव्या भाज्यांतल्या बीटा-कॅरोटीनमधून ते मिळतं. गाजर, लाल भोपळा, रताळं यांचा किस आठवड्यातून एकदोनदा दिला तर तब्येत सांभाळायला पुरतो. डोळे आधीच सुजलेले असतील तर मात्र किस पुरणार नाही, डॉक्टर लागेल.

पेलेट्सकडे बरेच हौशी लोक नाक मुरडतात, "नैसर्गिक" नाही म्हणून. मला ते पटत नाही. घरच्या टाकीत निसर्गातली शंभर प्रकारची खाद्यं आपण देऊ शकत नाही; चांगला पेलेट त्या सगळ्या फटी बुजवतो. फक्त डबीमागचं लेबल वाचा. पिल्लांसाठीच्या खाद्यात प्रथिनं 40 टक्क्यांच्या आसपास असतात, मोठ्यांसाठीच्या खाद्यात 30 किंवा त्याहून कमी. कॅल्शिअम आणि फॉस्फरसचे आकडे दिलेले असतील तर कॅल्शिअम जास्त आहे ना ते बघा. व्हिटॅमिन ए आणि डी3 यादीत हवेत. "वाढीसाठी" लिहिलेली डबी चार वर्षांच्या कासवाला देत राहणं म्हणजे त्याला हट्टाने पिल्लू ठेवणं. उघडलेली डबी काही महिन्यांत संपवा, कारण व्हिटॅमिनं हवेने आणि उबेने कमी होत जातात. मोठी डबी दर ग्रॅमला स्वस्त पडते हे खरं, पण एकाच कासवासाठी ती वर्षभर पुरणार असेल तर तो सौदा खोटा.

किती द्यायचे? जुनी युक्ती अजून चालते: कासवाचं डोकं पोकळ असतं तर त्यात जेवढे पेलेट्स मावले असते तेवढे, एका वेळी. मान मोजायची नाही, नुसतं डोकं. पहिल्यांदा मोजल्यावर हे फारच कमी वाटतं. वाटू द्या. भुकेचं नाटक ही प्राणीजात फार करते. तुम्ही खोलीत आलात की काचेवर पाय मारत पाणी घुसळणं, मान बाहेर काढून टक लावणं, हे भुकेचं लक्षण नाही. जो अन्न आणतो तो माणूस त्याने ओळखलेला असतो, इतकंच. निसर्गात पुढचं जेवण कधी मिळेल याची खात्री नसलेला प्राणी समोर आलेलं सगळं खातो. त्याला "पुरे" म्हणायची सवय नाही. ते तुम्ही म्हणायचं.

वयाप्रमाणे पाळी बदलते. वर्षाच्या आतल्या पिल्लाला पेलेट्स रोज. एक ते तीन वर्षं दिवसाआड. तुमच्या कासवाला आठवड्यातून तीनदा पुरे, पुढे पूर्ण वाढ झाल्यावर दोनदा. हिरवं मात्र रोज, आणि त्याला मोजमाप नाही.

आता पानं. इथे निवड महत्त्वाची, कारण सगळं हिरवं सारखं नसतं. डँडेलियनची पानं कासवासाठी फार मोलाची: 100 ग्रॅममध्ये कॅल्शिअम सुमारे 187 मिलिग्रॅम आणि फॉस्फरस 66. म्हणजे प्रमाण आपल्याला हवं त्याहून चांगलं. कोलार्ड, सलगमची पानं, मोहरीची पानं, एंडिव्ह, एस्कारोल हीही रोजच्या फिरतीत चालतात. रोमेन लेट्यूसमध्ये कॅल्शिअम आणि फॉस्फरस जवळपास समसमान, म्हणून ते एकटं नको, इतरांबरोबर चालेल. तुतीची आणि द्राक्षवेलीची कोवळी पानं, जास्वंदीची पानं-फुलं कासवं आवडीने खातात. आइसबर्ग लेट्यूस आणि काकडी म्हणजे पंचाण्णव टक्के पाणी. अपाय नाही, उपयोगही नाही. काकडीचा जाड काप अधूनमधून टाकायला हरकत नाही, त्यावर चोच मारत बसण्यात कासवाचा वेळ बरा जातो.

पालकाबद्दल हमखास विचारतात. पालक, बीटची पानं, स्विस चार्ड यांत ऑक्झॅलेट्स भरपूर असतात. ती कॅल्शिअमला बांधून टाकतात, त्यामुळे पालकात कॅल्शिअम दिसतं ते फारसं कासवाच्या वाट्याला येत नाही. एखाद्या वेळी चार पानं खाल्ली म्हणून काही होत नाही. तुमच्या कासवासारखं ज्याचं कवच आधीच मऊ आहे, त्याला सध्या अजिबात देऊ नका. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, केल यांत थायरॉइडच्या कामात अडथळा आणणारे घटक असतात. रोज तेवढंच दिलं तर त्रास, फिरतीत आलं तर चालतं.

पाणवनस्पती हा सगळ्यात सोपा मार्ग आणि लोक नेमका तोच विसरतात. डकवीड, एलोडिया, हॉर्नवर्ट टाकीत सोडलं की कासव दिवसभर हवं तेव्हा चरतं, जसं ते तळ्यात चरलं असतं. डकवीडचे तर ठिपक्यांएवढे दाणे पाण्यावर पसरतात आणि भराभर वाढतात. फिल्टरच्या तोंडाशी साचतात तेवढं मात्र काढत राहावं लागतं. वनस्पती जिथून आणाल तिथे कीटकनाशक किंवा गोगलगायी मारायचं औषध वापरलेलं नसल्याची खात्री करा, आणि आणल्यावर काही दिवस वेगळ्या पाण्यात ठेवून, पाणी बदलत मग टाकीत सोडा. शोभेची झाडं टाकीजवळ असतील तर डिफेनबाकिया, फिलोडेंड्रॉन, मनीप्लांट आणि कण्हेर कासवाच्या तोंडाला लागणार नाहीत इतकी लांब हवीत.

"पण ते पान खातच नाही." होय, इथेच खरी लढाई आहे. पान द्यायची पद्धत आधी तपासा. स्लायडरला दात नसतात. तो चोचीच्या धारेने पान पकडतो आणि पुढच्या पायांची लांब नखं त्यावर आडवी ओढून तुकडा फाडतो. पाण्यावर सुटं तरंगणारं पान त्याच्या ओढीबरोबर पुढे पुढे पळतं, दोन-तीनदा हुकलं की तो नाद सोडतो. शोषक कप असलेली चिमटी मिळते, तिच्याने पान काचेला अडकवा, अर्धं पाण्यात. पकड मिळाली की फाडता येतं. दुसरं, पान पाण्यातच द्यायचं. स्लायडरची जीभ जवळजवळ जागच्या जागी जखडलेली असते आणि घास गिळायला त्याला पाण्याची मदत लागते. कोरड्या दगडावर ठेवलेलं पान त्याच्या उपयोगाचं नाही.

मग क्रम. सकाळी, दिवे लागल्यावर तासाभराने, कासव उबदार आणि भुकेलं असतं तेव्हा फक्त पान. पेलेट्सचा दिवस असला तरी ते संध्याकाळी, आणि कोळंबी पूर्ण बंद. पहिल्या आठवड्यात बहुधा काहीच होणार नाही. पान लोंबकळत राहील, संध्याकाळी तुम्ही ते काढून टाकाल. घरातल्या कुणाला तरी दया येईल आणि चोरून चिकनचा तुकडा पडेल; हे आधीच बजावून ठेवा, कारण कासव बरोबर तेवढ्याचीच वाट बघत बसतं. निरोगी, भरल्या अंगाच्या मोठ्या कासवाने चार-सहा दिवस कमी खाल्लं तर त्याला काही होत नाही. पिल्लाला, आजारी किंवा हडकुळ्या कासवाला मात्र असं उपाशी ठेवायचं नाही. वासाची लाच चालते: ट्यूनाच्या, मीठ नसलेल्या, पाण्यातल्या डब्यातलं थोडं पाणी पानावर चोळा, किंवा गांडूळ पानात गुंडाळून द्या. रंगही कामाला येतो. कासवांना रंग उत्तम दिसतात, लाल-केशरीकडे ती झेपावतात, म्हणून जास्वंदीच्या पाकळीने किंवा गाजराच्या किसाने सुरुवात बऱ्याचदा होते. एकदा हिरवं म्हणजे अन्न हे त्याला पटलं की मग मागे वळून बघावं लागत नाही.

जिवंत खाद्यात गांडूळ माझं आवडतं. पचायला सोपं, कासवाची शिकारीची हौस भागते. रातकिडे आणि नाकतोडे चालतात, पण त्यांना कासवापुढे टाकण्याआधी एक-दोन दिवस गाजर आणि हिरवी पानं खाऊ घाला. किड्याच्या पोटात जे आहे तेच कासवाला मिळतं. वर कॅल्शिअमची पूड भुरभुरली तरी पाण्यात ती धुऊन जाते, जमिनीवरच्या कासवासाठी ती युक्ती ठीक. ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्यांत मुळातच कॅल्शिअम चांगलं असतं, अळ्यांमध्ये हा अपवाद. मीलवर्म कधीमधी. बाहेरून पकडलेले किडे, जिथे फवारणी होते तिथले, नकोत. अख्खा लहान मासा काट्यांसकट दिला तर कॅल्शिअम-फॉस्फरसचं गणित जवळपास जुळतं, काटे काढून दिलं तर बिघडतं. माशांमध्ये गोल्डफिश टाळा. त्यात थायमिनेज नावाचं विकर असतं, ते व्हिटॅमिन बी1 मोडून टाकतं, आणि मासा गोठवला तरी ते नाहीसं होत नाही.

कॅल्शिअमचा सगळ्यात सोपा साठा म्हणजे समुद्रफेस, पक्ष्यांच्या पिंजऱ्यात लावतात तो कटलफिशच्या अंगातला पांढरा तुकडा. मागचं कडक, चकचकीत अस्तर सुरीने खरवडून काढा, उरलेला मऊ भाग हाताने तोडून पाण्यात तरंगत सोडा. काही कासवं त्याच दिवशी कुरतडतात, काही महिनाभर बघत नाहीत आणि मग एका दुपारी अर्धा फस्त करतात. अंडी धरलेल्या मादीला तर तो हवाच. मादी अचानक खाणं कमी करून जागा उकरत फिरत असेल, तर तिचा आहार बिघडलेला नाही, तिला अंडी घालायला माती हवी आहे.

फळं स्लायडरला फारशी लागत नाहीत. साखर पचवण्यात त्याचं आतडं पटाईत नाही. महिन्यातून एक-दोनदा एखादा बेरीचा दाणा, सफरचंदाचा बिया काढलेला छोटा काप, बस. पाव, बिस्किटं, भात, चीज, दूध, खारवलेलं किंवा तळलेलं काहीही, अॅव्होकॅडो, चॉकलेट: यातलं काहीच नको, आणि "थोडंसं दिलं तर?" या प्रश्नाचंही उत्तर नाहीच. कुत्र्या-मांजराचं खाद्य प्रथिनं आणि चरबी यांनी ठासलेलं असतं, तेही नको.

आता मागितलेला तक्ता. रोज सकाळी चिमटीला हिरवं: दोन प्रकारची पानं, दर दोन-तीन दिवसांनी त्यातला एक प्रकार बदलायचा. सोमवार, गुरुवार आणि शनिवार संध्याकाळी डोक्याएवढे पेलेट्स. मंगळवारी पानांबरोबर भोपळ्याचा किंवा गाजराचा किस. रविवारी एक-दोन गांडुळं किंवा एखादा अख्खा छोटा मासा. बुधवार आणि शुक्रवार फक्त हिरवं, दुसरं काही नाही. समुद्रफेस टाकीत कायम. पहिले दोन महिने कोळंबी आणि चिकन बंद. यात एखादा दिवस इकडचा तिकडे झाला तर बिघडत नाही. रविवारचा मासा रोजचा झाला तर बिघडतं.

हे सगळं बरोबर चाललंय का ते कासवाच्या तोंडाकडे बघून कळत नाही, वजनकाट्यावर कळतं. महिन्यातून एकदा, अंग पुसून, त्याच वेळी वजन घ्या आणि कवचाची सरळ लांबी पट्टीने मोजा. दोन्ही आकडे वहीत. लांबी तिथेच आणि वजन चढतं, तर चरबी चढते आहे. हात लावूनही कळतं: कासवाने पाय आत ओढले की मागच्या खोबणीत कातडीचा गुबगुबीत फुगा बाहेर येतो, काहींना तर पाय पूर्ण आत घेताच येत नाहीत. उलट खोबणी खोल, कातडी सैल आणि कासव उचलल्यावर रिकाम्या डबीसारखं हलकं, तर ते खरंच कमी खातंय.

दोन कासवं एकाच टाकीत असतील तर जेवणापुरती वेगळी करा, नाहीतर एक लठ्ठ आणि एक हडकुळं हे ठरलेलं. एकच असेल आणि फिल्टर दणकट असेल तर वेगळ्या टबात जेवू घालायची गरज मला वाटत नाही. काही कासवं त्या उचलाउचलीने बिथरून जेवतच नाहीत. पानं सोडून उरलेलं अन्न अर्ध्या तासात जाळीने काढा. खाद्याची भांडी आणि टाकीचं पाणी स्वयंपाकाच्या सिंकमध्ये धुऊ नका, नंतर हात साबणाने धुवा. कासवं साल्मोनेला बाळगतात आणि तरीही ठणठणीत दिसतात. अमेरिकेत 4 इंचांहून लहान कासवं पाळण्यासाठी विकायला 1975 सालापासून बंदी आहे ती याच कारणाने, लहान मुलं ती तोंडात घालत म्हणून.

हे सगळं स्लायडरबद्दल आहे. कुणाकडे दुसरी जात असेल तर तक्ता तसाच उचलू नका. मस्क टर्टल आणि सॉफ्टशेल आयुष्यभर बहुतांशी मांसाहारीच राहतात. बॉक्स टर्टल किडे, अळंबी, बेरी, पानं सगळं खातं. आणि जमिनीवरची, डोंगरासारख्या पाठीची टॉर्टोईज मंडळी वेगळ्याच घराण्यातली: त्यांना गवत, रानपाला, भरपूर तंतू लागतात, पेलेट्सचं प्रथिन नाही. त्यांच्या कवचावर उंचवटे उठतात त्याचा सगळा दोष लोक प्रथिनांवर टाकतात. सुलकाटा कासवांवरच्या 2003 सालच्या एका अभ्यासात मात्र हवेतला कोरडेपणा प्रथिनांपेक्षा जास्त जबाबदार ठरला. म्हणजे तिथेही ताटाच्या बाहेर बघावं लागतंच.

तुमच्या कासवाकडे परत येतो. मागची कड मऊ लागते असं लिहिलंय, आणि पिल्लाच्या कवचाला थोडी लवचीक कड असते तशी ती चार वर्षांच्या कासवाला नसते. त्यामुळे दिवा आणि पानं आजपासून सुरू करा, पण सरीसृपांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरकडे या आठवड्यातच न्या आणि एक्स-रे काढून घ्या. कॅल्शिअमची इंजेक्शनं किंवा तोंडी औषध लागेल का, ते त्यावरून ठरेल. मनाने डी3 चे थेंब सुरू करू नका, ते जास्त झालं तर कॅल्शिअम किडनीत साचतं. नेताना पाणी भरलेली टाकी उचलू नका, हवेची भोकं असलेल्या डब्यात ओलसर टॉवेल घालून त्यावर ठेवा. हाताने पकडताना कड दाबू नका, दोन्ही तळव्यांवर पोटाकडून आधार द्या. आणि खाद्याच्या डबीमागचं लेबल, टाकीचा आणि ऊन खायच्या जागेचा एक फोटो, पाण्याच्या तापमानाचा आकडा बरोबर असू द्या. डॉक्टरचे पहिले चार प्रश्न त्याच्याबद्दलच असणार.